साठ लाख, एक फ्लॅट आणि काकूंची पस्तीस वर्षं

जून २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात एक काका-काकू निवृत्तीच्या पैशांचा हिशोब मांडून घ्यायला माझ्याकडे आले. काकांच्या हातात बटणाची प्लास्टिकची फाइल, काकूंच्या कापडी पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार डायऱ्या. काकांनी भोसरीच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीचं काम २९ वर्षं केलं आणि मे अखेर ५८ पूर्ण झाल्यावर ते निवृत्त झाले. काकूंचं वय ५३. राहायला चिंचवडला, दोन बेडरूमचा स्वतःचा फ्लॅट, कर्ज २०१९ मध्येच फिटलेलं. मुलगा बंगळूरला संसारात, मुलगी पुण्यात नोकरीला, तिचं लग्न व्हायचंय.

पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आधीच काकांनी विचारलं, "ताई, सरळ सांगा. पुरेल का?"

सकाळच्या फेरीनंतर ज्या कट्ट्यावर ते बसतात, तिथे एकाने त्यांना सांगितलं होतं की दोन कोटी नसतील तर म्हातारपणाचं काही खरं नाही. दुसऱ्याने सांगितलं की घर स्वतःचं आहे, पोस्टात पैसे टाका, व्याजात आरामात भागतं. दोन्ही ऐकून त्यांची झोप उडाली होती. निवृत्तीचे हिशोब मांडून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या प्रश्नाने घाबरलेली माणसं मी खूप पाहिली, पण काकूंसारख्या डायऱ्या घेऊन आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून नावगाव न देता, दोघांना विचारून, हा हिशोब इथे मांडते आहे.

आधी काय आहे ते. प्रॉव्हिडंट फंडाचे ३४ लाख. ग्रॅच्युइटीचे ६ लाख ३६ हजार (शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३८,००० रुपये, त्याचे २६ पैकी १५ दिवस, गुणिले २९ वर्षं). बँकेतल्या मुदत ठेवी ९ लाख, पीपीएफ या सरकारी बचत खात्यात ७ लाख, मुलाने सुरू करून दिलेल्या म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत (दरमहा ठरावीक रक्कम गुंतवायची सोय) साडेचार लाख. एकूण साधारण ६० लाख ८६ हजार. फ्लॅटला आज ८० लाख येतील असं सोसायटीतल्या नुकत्याच झालेल्या व्यवहारावरून दिसत होतं. काकूंचं सोनं २२ तोळे, त्या महिन्यात भाव तोळ्याला लाखाच्या आसपास होता. शिवाय साताऱ्याकडे दीड एकर, पण सातबाऱ्यावर तीन भावांची नावं. ती जमीन मी हिशोबात धरलीच नाही.

सगळं मिळून कागदावर दीड कोटीच्या वरचं घर. काकांना हा आकडा मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा ते क्षणभर सैल झाले. मग मी फ्लॅटवर रेघ मारली, सोन्यावर रेघ मारली. फ्लॅटमध्ये राहायचं आहे, त्याची भाजी येत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांची हीच स्थिती आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या घरगुती अर्थव्यवहार समितीचा २०१७ चा अहवाल सांगतो की सरासरी भारतीय कुटुंबाच्या मालमत्तेपैकी ७७ टक्के घर-जमिनीत असते, ११ टक्के सोन्यात आणि बँक, विमा, पेन्शन, शेअर असं सगळं मिळून जेमतेम ५ टक्के. त्या मानाने काकांची गाठ बरी होती. याचं श्रेय काकांच्या शिस्तीपेक्षा पगारातून परस्पर कापल्या जाणाऱ्या पीएफला आहे, आणि काकांनी ते स्वतःच मान्य केलं. "हातात आले असते तर उरले नसते," म्हणाले.

आता पेन्शन. इथे काकांचा मोठा अपेक्षाभंग झालेला होता. त्यांचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांना पेन्शन होती, तिच्यावर महागाई भत्ता होता, वर्षाला दोनदा तो वाढायचा. शेवटपर्यंत मास्तरांनी मुलांकडे पैसे मागितले नाहीत. काकांच्या डोक्यात "पेन्शन" या शब्दाचा अर्थ तोच बसलेला. पण खासगी नोकरीतल्या माणसाला १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून मिळतं ते वेगळं. पगार कितीही असो, सप्टेंबर २०१४ पासून हिशोबासाठी १५,००० रुपयेच धरतात आणि त्याआधीच्या वर्षांसाठी ६,५०० ची मर्यादा. पेन्शनयोग्य पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. वीस वर्षांहून जास्त सेवेची दोन वर्षं वाढवून धरली तरी काकांना महिना ४,३०० रुपये बसले. आणि ते ४,३०० आयुष्यभर ४,३००. त्यावर महागाई भत्ता नाही. काकांच्या पश्चात काकूंना त्याच्या निम्मे.

"वडिलांना हा प्रश्न कधी पडलाच नाही," असं काका दोनदा म्हणाले. बरोबरच आहे. मास्तरांच्या काळी पीपीएफवर १२ टक्के व्याज होतं, आज ७.१ आहे. वडिलांचं म्हातारपण डोळ्यांसमोर ठेवून मुलाने स्वतःचं आखायचं, हे आपल्या पिढीला जमणार नाही, कारण त्या म्हातारपणाखालची जमीन वेगळी होती.

खर्च किती, असं विचारल्यावर काका ताबडतोब म्हणाले, "पंचवीस हजार. फार तर." काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी गुंडाळी सोडली.

डायऱ्या दरवर्षी बँकेकडून किंवा औषधाच्या दुकानातून फुकट मिळणाऱ्या. प्रत्येक पानाला मधोमध पट्टीने रेघ, डावीकडे रोजचं, उजवीकडे "इतर". दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडून महिनाअखेर डायरीत उतरवलेले. २०२४ ची डायरी आम्ही तिघांनी मिळून पालथी घातली, त्यात दुपारचे दोन तास गेले. डावी बाजू महिन्याला २४,००० निघाली: किराणा ८,०००, भाजी-फळं ३,५००, दूध २,७००, सोसायटी २,३००, औषधं २,०००, वीज १,६००, मोबाइल-इंटरनेट-टीव्ही १,५००, पेट्रोल १,५००, गॅस ९००. काकांचा आकडा चुकला नव्हता. त्यांना उजवी बाजू दिसत नव्हती, एवढंच. आरोग्य विम्याचा हप्ता ४२,०००. सण आणि कपडे ३०,०००. पंखा, मिक्सर, नळ, एकदा गच्चीची गळती असे २५,०००. आहेर २४,०००. गावची जत्रा आणि जाणं-येणं २०,०००. दात, चष्मा, तपासण्या १८,०००. घरपट्टी ९,०००. स्कूटरचा विमा आणि दुरुस्ती ७,०००. वर्षाला १ लाख ७५ हजार, म्हणजे महिन्याला साडेचौदा हजार, जे बोनस आणि मुदत ठेवींच्या व्याजातून परस्पर जात होते. बोनस आता थांबला.

खरा खर्च वर्षाला ४ लाख ६३ हजार. महिना ३८,६००.

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ पुरुषांना डावी बाजू माहीत असते. उजवी बाजू घरातल्या बाईलाच माहीत असते, कारण आहेर किती करायचा आणि रंग या वर्षी काढायचा की पुढच्या, हे तीच ठरवत आलेली असते. निवृत्तीचा हिशोब करायला नवरा एकटा आला तर मी आता दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावते.

डायऱ्यांनी आणखी एक काम केलं. महागाई किती धरायची यावर काकांचं म्हणणं होतं की सरकार चार टक्के सांगतं. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्के आहे, दोन इकडे-तिकडे, हे खरं. पण काकूंनी पिशवीतून २०१३ ची डायरी काढली. तेव्हाचा महिन्याचा किराणा ३,९००. तेच दुकान, माणसं त्या वेळी चार, आता तीन. अकरा वर्षांत ३,९०० चे ८,०००. हा दर सहा टक्क्यांच्या वरच येतो. आम्ही सहा धरले.

आता कट्ट्यावरच्या दोन सल्ल्यांकडे येऊ. मुलीच्या लग्नासाठी ८ लाख बाजूला ठेवायचं काकांनी ठरवलं होतं, म्हणजे हातात राहिले ५२ लाख ८६ हजार. साडेसात टक्क्यांनी त्याचं व्याज वर्षाला सुमारे ३ लाख ९६ हजार, पेन्शनचे ५१,६०० मिळवले की ४ लाख ४८ हजार. काकांच्या पंचवीस हजारांच्या हिशोबाने तर दरवर्षी दीड लाख उरतात. खऱ्या खर्चाने पंधरा हजार कमी पडतात. म्हणजे "व्याजात भागतं" म्हणणारा मित्र आजपुरतं बरोबरच बोलत होता. हीच गोष्ट माणसाला फसवते. पहिली तीन-चार वर्षं काहीच जाणवत नाही. खर्च सहा टक्क्यांनी वाढत जातो, पेन्शन जागची हलत नाही, आणि मुद्दल आधी चिमटीने, मग मुठीने कमी व्हायला लागतं.

मी वर्षवार आकडे मांडत गेले. पाचव्या वर्षाअखेर शिल्लक पावणेसत्तेचाळीस लाख. दहाव्या वर्षाअखेर सत्तावीस. तेराव्या वर्षाअखेर पाच. चौदाव्या वर्षी पैसे संपले.

काकांनी पटकन स्वतःचं वय मोजलं, ७१. म्हणाले, "तोवर बघू." मी कागद काकूंकडे सरकवला. त्या वेळी काकूंचं वय ६६ असेल.

या प्रकरणातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. "निवृत्तीला किती पैसे लागतात" हा प्रश्न पुरुष विचारतो आणि उत्तर स्वतःच्या वयाने मोजतो. पण आपल्याकडे बायको चार-पाच वर्षांनी लहान असते आणि बायकांचं सरासरी आयुष्य पुरुषांपेक्षा जास्त असतं. काकूंची आई ८६ व्या वर्षी आजही स्वतःची भाकरी स्वतः थापते. काकू ८८ पर्यंत जगतील असं धरणं अजिबात अवास्तव नाही. म्हणजे हा पैसा पस्तीस वर्षं पुरायला हवा, आणि त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं बहुधा काकूंच्या एकटीची. माणूस एक झालं म्हणून खर्च निम्मा होत नाही. सोसायटी तेवढीच, वीज जवळजवळ तेवढीच, आणि हाताखाली बाई ठेवावी लागली तर उलट वाढतो. मी तो सत्तर टक्के धरते. पेन्शन मात्र निम्मी होते. सगळ्यात जास्त आधार हवा त्या वर्षांत सगळ्यात कमी पैसा, असा हा आराखडा असतो, आणि तो कुणी मुद्दाम केलेला नसतो. त्या वर्षांकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

काकू ८८ च्या होईपर्यंत पुरायचं तर आज किती हवेत? साडेसात टक्के परतावा, सहा टक्के महागाई आणि शेवटची तेरा वर्षं एकटीची धरून उत्तर येतं १ कोटी १० लाखांच्या आसपास. दोन कोटी नाही. "वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट" हे सूत्रही अनेकांनी ऐकलेलं असतं. ते अमेरिकेतल्या विल्यम बेंगेन या सल्लागाराच्या १९९४ च्या लेखातून निघालं. पहिल्या वर्षी पुंजीतले चार टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवायचे, तर किमान तीस वर्षं पुरतात, असं त्याने तिथल्या १९२६ पासूनच्या आकड्यांवरून दाखवलं. त्या सूत्राने काकांचे १ कोटी १६ लाख येतात. आकडे जवळ आले म्हणून सूत्र आपल्याला लागू आहे असं मी म्हणणार नाही. त्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त पुंजी शेअरमध्ये आहे, महागाई तिथली आहे आणि वर्षं तीसच आहेत. काकूंना पस्तीस हवीत.

थोडक्यात, लागतात १ कोटी १० लाख आणि आहेत ५३. काका गप्प झाले. काकूंनी विचारलं, "मग आता काय काय करता येईल तेवढं सांगा."

पहिली हालचाल काकांनीच केली. भोसरीतच एका छोट्या वर्कशॉपवाल्याने त्यांना तपासणीच्या कामासाठी बोलावलं होतं, महिना २२,०००. "निवृत्तीनंतर परत कामाला गेलो तर लोक काय म्हणतील" म्हणून ते टाळत होते. ६२ पर्यंत चार वर्षं हे काम केलं तर मुद्दलाला जवळपास हात लागत नाही. लग्नाचं मुलीने संध्याकाळी फोनवर सांगितलं: नोंदणी विवाह, घरच्यांचं जेवण, चार लाखांत बसवा आणि उरलेले आईच्या नावावर ठेवा. फोन स्पीकरवर होता. काका उठून गॅलरीत गेले.

पैशांची मांडणी फार अवघड नव्हती, पण घाई होती. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी असली, तरी नियत वयोमानाने निवृत्त झालेल्याला ५५ नंतरही तिच्यात पैसे ठेवता येतात. अट एवढीच की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ठेवायचे. कमाल ३० लाख, सध्याचा दर ८.२ टक्के, दर तिमाहीला ६१,५०० रुपये. काका "साठीला बघू" म्हणून हे पैसे बचत खात्यातच ठेवणार होते. काकूंच्या एकटीच्या नावाने पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ९ लाख, ७.४ टक्क्यांनी महिना ५,५५० रुपये. पीपीएफ पाच वर्षांसाठी वाढवलं. ४ लाख बँकेत, रात्री-अपरात्री दवाखाना उभा राहिला तर. उरलेले आणि आधीचे मिळून सुमारे ६ लाख ८६ हजार म्युच्युअल फंडात, दहा वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर. वर्षाचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या खूप खाली असल्याने नव्या करप्रणालीत या पैशांवर कर लागत नाही. या मांडणीला आठ टक्के मिळतील असं धरलं. पोस्टाचे दर सरकार तिमाहीला ठरवतं, पाच वर्षांनी हाच दर असेल याची हमी नाही, हेही मी कागदावर लिहून दिलं.

एवढं केल्यावर पैसे चौदाव्या वर्षाऐवजी अठराव्या वर्षाच्या अखेरीपर्यंत गेले. काकू ७१. अजून सतरा वर्षं उघडी.

आता फ्लॅटवरची रेघ पुसायची वेळ आली, आणि इथेच एक गोष्ट थोडक्यात टळली. मुलाने, अगदी चांगल्या मनाने, सुचवलं होतं की फ्लॅट आत्ताच माझ्या नावावर करा, म्हणजे पुढे कटकट नको, तुमचं मी बघेन. महाराष्ट्रात मुलाला राहतं घर बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क जेमतेम २०० रुपये आहे, त्यामुळे हा विचार बऱ्याच घरांत झटकन होतो. काकांनी वकिलाशी बोलणंही केलं होतं. मी त्यांना हात जोडून थांबवलं. मुलगा वाईट नव्हता. पण काकूंच्या शेवटच्या सतरा वर्षांसाठी या घरात जी एकमेव मोठी पुंजी होती, ती आज दिली की काकू त्या घरात मुलाच्या मर्जीने राहणार. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवायची सोय त्यात आहे. पण पंचाहत्तरीच्या बाईने पोटच्या मुलाविरुद्ध न्यायाधिकरणाची पायरी चढायची, ही कल्पनाच मला सहन होत नाही. मी अशा दोघींना पाहिलं आहे. दोघींनीही शेवटी तक्रार मागे घेतली.

फाइल चाळताना आणखी दिसलं. फ्लॅट फक्त काकांच्या नावावर. सोसायटीत नामनिर्देशन मुलाचं, पीपीएफवर अजून काकांच्या आईचं, ज्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. काकूंचं नाव एका बचत खात्याखेरीज कुठेच नाही. २८ वर्षं ज्या बाईने पैन्‌पैचा हिशोब ठेवला, तिचं नाव एकाही मोठ्या कागदावर नव्हतं.

मग तोच २०० रुपयांचा कायदा दुसऱ्या बाजूने वापरला. काकांनी फ्लॅटचा निम्मा हिस्सा बक्षीसपत्राने काकूंना दिला, सोसायटीच्या भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) दोघांची नावं चढली, आणि दोघांनी मृत्युपत्रं केली: एकाच्या मागे सगळं दुसऱ्याचं, दोघांच्या मागे मुलांचं समान. मुलगा थोडा गप्प होता, मग स्वतःच साक्षीदार शोधून दिले.

गावी जाऊन राहायचा पर्याय काकूंनी लगेच बाजूला केला. दवाखाना वीस किलोमीटरवर आणि भाऊबंदकी दाराशी. ठरलं ते असं: काका ६८ चे झाले की हा फ्लॅट विकून तळेगावकडे एका बेडरूमचं घर घ्यायचं. आजच्या भावाने ३५ लाख मोकळे होतील. घराच्या किमती वर्षाला पाच टक्क्यांनी वाढल्या तर त्या वेळी ५७ लाख. उलट गहाण कर्जाचाही पर्याय मी समजावला, घर न सोडता बँकेकडून दरमहा पैसे घ्यायचे, कर्ज आपल्या पश्चात फिटतं. काकांना "गहाण" हा शब्दच सोसवला नाही, आणि मी आग्रह धरला नाही.

हे सगळं धरून, आणि काका ऐंशीपर्यंत आहेत असं मानून, शेवटचा तक्ता काढला. पैसे काकू ८२ च्या होईपर्यंत पुरतात. ८८ पर्यंत नाही. मध्ये सहा वर्षांची फट राहते, तिच्यासमोर २२ तोळे सोनं आहे आणि दोन मुलं आहेत. याहून चांगला आकडा मी आणू शकले नाही. सत्तरीनंतर उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार देणारं आयुष्मान कार्ड दोघांना मिळेल, पण म्हणून आरोग्य विमा सोडायचा नाही, हे मी दोनदा सांगितलं.

सोन्याचं मी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "मुलीला आठ तोळे द्यायचेत. उरलेलं माझं. ते मीच मोडीन, लागेल तेव्हा."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. काका कामावर गेले होते. त्या एकट्याच पोस्टात गेल्या होत्या, पासबुक भरून घेतलं होतं, ५,५५० ची नोंद मला वाचून दाखवली. पैसे काढायच्या स्लिपवर सही दोनदा जुळली नाही म्हणून खिडकीवरच्या मुलीने तिसऱ्यांदा करायला लावली. नव्या डायरीत त्यांनी आता तीन रकाने आखलेत. तिसऱ्यावर लिहिलंय "माझं".